नानांची नाडी ३६

चैत्रात नाना शेतात चक्कर येऊन पडले, तेव्हा आम्ही सगळा दोष उन्हाला दिला. पारोळ्याकडचं ऊन म्हणजे तसंच. कांदा हुंगवला, लिंबूपाणी पाजलं. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून दोनदा सलाइन लावलं. महिना असाच गेला. नानांचं एकच पालुपद, "माले काही व्हयेल नही."

एका संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मी त्यांचं मनगट धरलं. एक ठोका लागला आणि पुढचा येता येईना. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजलं : ३६. पुन्हा मोजलं, तेवढेच. त्याच रात्री धुळ्याला नेलं.

ईसीजीत कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला. ब्लॉक म्हटल्यावर भाऊ लगेच स्टेंटचा खर्च विचारायला लागला. पण हा रक्तवाहिनीतला ब्लॉक नव्हे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात विजेचा संदेश तयार होतो, तो खाली पोचतच नव्हता. खालचे कप्पे आपल्या मंद चालीने कसेबसे धडधडत होते. नानांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मोटर चांगली शे, वायर तुटेल शे." डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर.

रात्री जांघेतून हृदयापर्यंत तात्पुरती वायर टाकली, दुसऱ्या दिवशी पेसमेकर, म्हणजे ठोक्यासाठी हृदयाला विजेचा इशारा देणारं यंत्र, बसवला. पूर्ण भूल नाही. डाव्या बाजूला गळ्याजवळच्या हाडाखाली जागा बधिर केली, शिरेतून दोन वायरी हृदयात नेल्या, आणि काडेपेटीहूनही चपटं यंत्र कातडीखाली ठेवलं.

वॉर्डात नानांना झोप येईना, म्हणून मी त्यांना आर्ने लार्सनची गोष्ट सांगितली. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये शरीराच्या आत पेसमेकर बसवलेला हा पहिला माणूस. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे वीसहून जास्त पेसमेकर बदलत तो वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला. नाना बराच वेळ गप्प होते. मग माझा हात घट्ट धरून झोपले.

दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. सदऱ्याची बाही आईच चढवायची. मोबाइल आता यंत्रापासून लांब, उजव्या खिशात. वेल्डिंगच्या दुकानाकडे जाणं बंद. पेसमेकरचं कार्ड आधारकार्डाबरोबर पाकिटात.

आई रोज दिवेलागणीला त्यांचं मनगट धरून बसते आणि ओठ हलवत मोजते. नाडी साठाच्या खाली गेली तर लगेच मला फोन करायचा, असं आमचं ठरलंय.