शाफ्ट फिरत होता

आज रोटाव्हेटरच्या (ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायचं अवजार) पात्यांत तणाचा मोठा गुंता अडकला. मी ट्रॅक्टर थांबवला, आणि पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरमागचा फिरता शाफ्ट) बंद करायच्या आत धाकटा भाऊ खाली वाकून तण ओढायला लागला. मी इतक्या जोरात ओरडलो की माझाच घसा बसला. तो दचकून मागे सरला. हात वाचला.

पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला 9. सदऱ्याचं टोक अडकलं तर सोडवायला वेळच मिळत नाही. आणि आमच्या शाफ्टचं प्लॅस्टिकचं कव्हर गेल्या हंगामातच फुटलेलं! "बघू नंतर" म्हणत राहिलो, याचं मला आज फार वाईट वाटलं.

मग पीटीओ बंद केला, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. पाती पूर्ण थांबेपर्यंत दोघंही लांब उभे राहिलो. अवजार नुसतं हायड्रॉलिकवर उचलून खाली शिरायचं नाही, पाइप फुटला की ते सरळ अंगावर येतं. म्हणून जाड लाकडी ठोकळे लावले आणि मगच तण कापून काढलं.

हात लागलाच होता म्हणून सगळे बोल्ट पाहिले. तीन ढिले निघाले, एक पातं वाकलेलं. शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस भरलं, गिअरबॉक्सचं तेल पाहिलं.

काम अर्धंच झालंय. नवीन कव्हर बसेपर्यंत रोटाव्हेटर जोडणार नाही, असं भावाला सांगितलंय. तो अजून गप्प आहे.