धाब्याचं घर रंगमंचावर उभं करताना

अमळनेरला एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका करून शाळेत लागण्याची वाट पाहत होतो, तेव्हा आमच्या मंडळींनी राज्य नाट्य स्पर्धेचं नेपथ्य माझ्या हाती दिलं. संहितेत खान्देशातलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. मी तशाच घरात जन्मलो, म्हणून जसंच्या तसं बांधायला निघालो. ४ बाय ८च्या प्लायवर शेणमातीचं लिंपण, वर छताला आडव्या खऱ्या लाकडी कड्या. सुतारमामांनी एक भिंत उचलून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, इतलं जड कोन उचली?" मी ऐकलं नाही.

जळगावला रंगमंच प्रयोगाच्या दिवशीच ताब्यात मिळाला. टेम्पोच्या हादऱ्यांनी निम्मं लिंपण रस्त्यातच गळालं होतं. टेकू देऊनही भिंती डुलत होत्या. पण खरी चूक पडदा उघडल्यावर कळली. चूल मी डाव्या भिंतीला लागून मांडली होती आणि त्या बाजूच्या खुर्च्यांवरून आईचं काम करणाऱ्या ताई दिसतच नव्हत्या. नाटकाचा सगळा जीव चुलीपाशीच्या प्रसंगात होता. स्पर्धेत नेपथ्याला वेगळं बक्षीस असतं, ते गेल्याचं फार वाटलं नाही. ताईंनी दोन महिने घेतलेली मेहनत अर्ध्या प्रेक्षकांपर्यंत पोचली नाही, हे मात्र अजून टोचतं.

मग पुण्याला एक शिबिर केलं. अर्धा इंच म्हणजे एक फूट या मापाने आराखडा काढायला, पुठ्ठ्याचं मॉडेल करायला तिथे शिकलो. पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीत बसून काय झाकलं जातं ते आधी बघायचं, हेही तिथलंच.

दोन वर्षांनी तेच नाटक गावात पुन्हा केलं. हलक्या पट्ट्यांच्या चौकटीवर मांजरपाट ताणला, सरस आणि खडूचा हात दिला, त्यावर लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून थापला. लिंपलेल्या भिंतीचा पोत हुबेहूब आला. मामा अशी एकेक भिंत, आमच्या भाषेत फ्लॅट, काखेत मारून चालत होते. छप्पर केलंच नाही. चार खांब, दोन-तीन कड्या, आणि धाब्यातून धूर जायला जो झरोका असतो त्याच्या जागी वरून एकच स्पॉटलाइट, थेट चुलीवर.

आमच्याकडे हौशी नाटकाच्या नेपथ्यावर घर चालत नाही. माझं शाळेच्या पगारावर, गणपतीच्या आराशीवर आणि स्नेहसंमेलनांवर चालतं. ज्याला पूर्णवेळ हेच करायचंय त्याने दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा पुण्याचं ललित कला केंद्र गाठावं. मी वयात असताना हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून वर्गातल्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

आता तालमीच्या पहिल्याच दिवशी मी हॉलच्या फरशीवर खडूने घर आखतो. ताई त्यात फिरतात, बसतात, उठतात. "चूल जरा पुढे घे रे," म्हणतात. मी जुनी रेघ पुसतो.