केदारकंठ्याची बर्फवाट: पहाटेची वेगळी, दुपारची वेगळी

उत्तरकाशी जिल्ह्यातला केदारकंठा हिवाळी ट्रेक म्हणून आता आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पायथ्याचं सांक्री गाव साधारण ६,४०० फुटांवर आणि माथा १२,५०० फुटांवर. या आकड्यांवरून चढाईचा अंदाज येतो, वाटेचा येत नाही. जानेवारीत ही वाट एकाच दिवसात दोन-तीनदा बदलते.

गाव मागे पडलं आणि देवदारांच्या जंगलात, ऊन न पोचणाऱ्या वळणांवर बर्फ सुरू झाला. बर्फ म्हटलं की धास्ती वाटते ती खोल, ताज्या बर्फाची. पण ताज्या बर्फात बूट रुततो, पकड मिळते, पडलं तरी फारसं लागत नाही. दगा देते ती मळलेली वाट! दिवसभर बुटांखाली दाबला गेलेला बर्फ उन्हानं वरून ओलावतो आणि रात्री गोठून टणक होतो. वाट पांढरी न दिसता राखाडी आणि चकचकीत दिसू लागली, की तिथेच थांबून बुटांवर मायक्रोस्पाइक्स, म्हणजे तळव्याखाली धातूचे दात असलेल्या साखळ्या, चढवायचे. पुढच्या खड्या चढावर उभं राहायलाही जागा नसते.

गोठलेला जुडा का तालाब मागे टाकून वरच्या कॅम्पवर मुक्काम केला आणि पहाटे तीनच्या सुमारास हेडलॅम्प लावून निघालो. त्या वेळचा बर्फ कोरडा. प्रत्येक पावलाला करकर असा आवाज येत होता. तापमान बरंच उतरलं, साधारण उणे दहाच्या खाली गेलं, की बर्फ असा वाजतो. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवली होती. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळे बाटली सरळ ठेवली तर आधी तोंडच बंद होतं. हेडलॅम्पचे जादा सेल आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी.

झाडं संपली आणि वारा सुरू झाला. चढताना घाम येऊ द्यायचा नाही, हे इथे फार महत्त्वाचं. ओला थर अंगावर घेऊन वाऱ्यात थांबलं की मिनिटांत हुडहुडी भरते. सुती कपडे तर नकोतच, ते वाळत नाहीत. माथ्यावर पोचलो तेव्हा स्वर्गारोहिणी, काळानाग, बंदरपूंछ ही शिखरं एकामागून एक उजळत गेली. मी नुसता बघत उभा होतो. एवढ्या थंडीत डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं नव्हे.

तिथे फार थांबता येत नाही. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो, म्हणून गॉगल लगेच लावायचा, ढग असले तरी.

उतरताना बर्फ मऊ पडायला लागला होता. ‘एडी मारो, एडी!’ आमचा गाइड सारखा ओरडत होता. टाच आधी रोवायची, वजन किंचित पुढे ठेवायचं. मागे झुकलं की पाय निसटलाच. ओला बर्फ स्पाइक्सच्या साखळ्यांत गोळा होऊन तळव्याखाली गुळगुळीत गोळा बनतो आणि दात टेकतच नाहीत. काठीनं बुटावर ठोकून तो दर थोड्या वेळानं पाडावा लागतो. जंगलात शिरल्यावर गाइडनं एका झाडाच्या बुंध्यालगत काठी खुपसून दाखवली. अर्धी काठी सहज आत गेली. खालच्या फांद्यांमुळे तिथे बर्फ घट्ट बसत नाही, म्हणून टेकायला बुंध्याजवळ जायचं नाही.

एका गोष्टीचा मात्र मनापासून राग येतो. उतरताना पुष्कळ जण वाटेवरूनच बसून घसरत येतात. त्यानं पायऱ्या मोडतात, वाट गुळगुळीत होते, रात्री ती तशीच गोठते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात चढणाऱ्यांच्या पायाखाली तीच येते. घसरायचंच असेल तर गाइडनं दाखवलेल्या मोकळ्या उतारावर घसरा, आणि त्याआधी स्पाइक्स काढा. दात बर्फात अडकले तर घोटा मुरगळतो, आणि तिथून खाली गावापर्यंत गाडीरस्ता नाही.