रेझ्युमेत शेवटी 'कमवा व शिका' लिहिलंच

परवा रात्री रेझ्युमे उघडला. एफवायला असताना गावाकडच्या नेट कॅफेत बनवलेला, तिथल्या दादांनी त्यांच्याकडच्या रेडी फॉरमॅटमध्ये माझं नाव टाकून दिलेलं. वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, हॉबीजमध्ये रीडिंग, खाली डिक्लरेशन. आता टीवाय बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आहे आणि इंटर्नशिपसाठी सोमवारपर्यंत द्यायचाय.

मॅरिटल स्टेटस, डिक्लरेशन लगेच उडवलं. एमएस-सीआयटी काढताना मात्र हात थांबला, कारण दहावीच्या सुट्टीत आईने त्याची फी दोन हप्त्यांत भरली होती. पण आता डिग्रीच कॉम्प्युटरची आहे म्हटल्यावर काढलं.

मग एक्स्पिरियन्स. तिथे काहीच नाही असं मी धरूनच चालले होते. रूममेट म्हणाली, अगं रोज दोन-अडीच तास लायब्ररीत असतेस ते काय आहे मग?

मी कमवा व शिका योजनेत आहे. खरं सांगते, हे लिहायची लाज वाटायची, वाचणाऱ्याला आधी घरची परिस्थिती दिसेल आणि काम नंतर, असं वाटायचं. पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने आहे, ज्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांना स्वतः राबून शिकायला शिकवलं, आणि मी तेच लपवत होते.

पहिल्यांदा लिहिलं, 'लायब्ररीत काम केलं'. यातून कुणाला काय कळणार? म्हणून नीट आठवत बसले. जुन्या रजिस्टरमधली मराठी पुस्तकं आम्ही कोहा सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. त्यात लेखक एकच, पण कुठे आद्याक्षरानंतर टिंब आहे, कुठे नाही, कुठे आडनाव आधी, त्यामुळे एका माणसाचे तीन लेखक झालेले. आणि 'वाऱ्या'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो, स्क्रीनवर सेम दिसतो पण सर्चला एक सापडतो, दुसरा नाही! पोरं विचारायला यायची, पुस्तक समोर रॅकवर आणि कॉम्प्युटर म्हणतो नाहीये. ते शोधायला मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. कंपन्या डेटा क्लीनिंग म्हणतात ते हेच की, आणि मी ते दोन वर्षं करतेय.

आकडा अंदाजे टाकायचा नव्हता म्हणून काल लायब्ररीयन सरांकडे गेले, त्यांनी माझ्या लॉगिनच्या एंट्री काढून दिल्या, 1,412. तेवढ्याच लिहिल्या.

टेम्प्लेटवर जास्त वेळ घालवला नाही, दोन कॉलमवाला डिझायनर प्रकार सोडला कारण कंपन्यांचं सॉफ्टवेअर वाचताना कधीकधी दोन्ही कॉलमच्या ओळी एकमेकांत मिसळतं. साधं एक पान, पीडीएफ, फोटो नाही.

पाठवायच्या आधी सरांना प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली आणि म्हणाले, बाळा, योजनेचं नाव पूर्ण लिही, आणि कधीपासून ते पण टाक. तिथेच उभ्या उभ्या पेनने लिहिलं, जुलै 2023 पासून.