अजिंठ्याचा अंधार आणि खिशातला कॅमेरा

पहिल्या लेण्याच्या दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि काही म्हणजे काही दिसेना. बाहेर नोव्हेंबरचं लख्ख ऊन, आत मिट्ट काळोख. मागून मामा म्हणाले, "घाई करू नको पोरी. दोन मिनिटं नुसती उभी राहा. कॅमेरा काढूच नको."

मामांचं ऐकावंच लागतं. जळगावात त्यांनी पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. पासपोर्ट, मुंजी, लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो. रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे आणि त्यातला एकही वाया घालवायचा नाही, ही त्यांची सवय अजून सुटलेली नाही. मी मोबाइलवर धडाधड फोटो काढायला लागले की त्यांच्या कपाळावर आठी उमटते.

माझ्या खिशातला कॅमेरा मात्र नवा होता. म्हणजे जुनाच, पण मला नवा.

दोन वर्षांपूर्वी मी इथे आले होते तेव्हा फक्त मोबाइल होता. भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणीचा फोटो काढला आणि घरी येऊन मोठा करून पाहिला, तर बोधिसत्त्वाचा चेहरा काल रंगवल्यासारखा तुकतुकीत. भिंतीवरच्या भेगा विरघळलेल्या, मागचा अंधार उजळून राखाडी झालेला. फोटो सुंदर होता, सगळ्यांना आवडला. पण मी जे पाहिलं होतं ते हे नव्हतं. मोबाइल एका क्षणात बरेच फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो, कणकण पुसतो आणि आपल्याला आवडेल असं काहीतरी हातात देतो. किती उजेड ठेवायचा हे तोच ठरवतो. मला ते ठरवणारा कॅमेरा नको होता.

लेन्स बदलता येणारा मोठा डीएसएलआर कॅमेरा माझ्याकडे होता. दोन लेन्सांसकट पाठीवर घेतला की हरिश्चंद्रगडाच्या निम्म्या वाटेवर त्याचा राग यायचा. शेवटी तो सॅकमध्येच राहायचा. म्हणून खिशात मावेल असा, पण सगळं आपल्या हातात देणारा कॅमेरा शोधायला लागले आणि त्यात चार महिने घालवले. एवढ्या वेळात माझ्या मैत्रिणीने फ्लॅट घेतला.

या जातीच्या कॅमेऱ्यांत २०१२ साली सोनीचा आरएक्स१०० आला आणि खेळच बदलला. खिशातल्या डबीत 'एक इंची' सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती. हे एक इंच प्रकरण गमतीचं आहे. पट्टीने मोजलं तर तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे कर्णसुद्धा जेमतेम सोळा मिलिमीटर. एक इंच हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचं. नळ्या गेल्या, नाव राहिलं. तरीही साध्या डिजिटल कॅमेऱ्यांतल्या सेन्सरच्या तुलनेत त्याचं क्षेत्रफळ चौपट भरतं, आणि अंधारात ते लगेच कळतं.

माझी गाडी अडली ती झूमपाशी. सोनीच्याच मालिकेतला २०१४चा तिसरा कॅमेरा २४ ते ७० मिलिमीटरचा (आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ), लेन्सचं छिद्र एफ १.८ ते २.८ (इथे आकडा लहान तेवढं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). सहावा, २०१८चा, २४ ते २००. म्हणजे लांबच्या झाडावरचा पक्षीही टिपता येईल, पण छिद्र एफ २.८पासूनच सुरू. कॅननचा जी७एक्स या दोघांच्या मधला, २४ ते १००. रिकोचा जीआर तीन तर वेगळ्याच वाटेचा. सेन्सर थेट डीएसएलआरएवढा, पण झूम नाहीच, २८ मिलिमीटरची एकच नजर. रस्त्यावर फिरून फोटो काढणाऱ्यांचा तो जीव की प्राण आहे.

दुकानदार झूम विकतात, कारण झूम दाखवता येतो. मी एक साधा हिशेब केला. एफ १.८ आणि एफ २.८ यांत उजेडाचा फरक जवळजवळ अडीचपट. लेण्यात पक्षी नाहीत, भिंत चार पावलांवर आहे आणि फ्लॅशला बंदी आहे. झूम सोडला, उजेड घेतला.

नवा परवडणारा नव्हता. आणि आता या छोट्या कॅमेऱ्यांची पुन्हा एवढी टूम आली आहे की जुन्यांचेही भाव चढलेत. जुना घेताना एक परीक्षा जरूर करा. छिद्र एफ ११वर, म्हणजे अगदी बारीक करायचं, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. आत धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे आतली धूळ आपल्याला पुसता येत नाही. लेन्स आत-बाहेर होताना खिशातला कापूस-कचरा ओढून घेते. मी पाहिलेल्या पहिल्या कॅमेऱ्यात पाच ठिपके होते. विकणारा म्हणाला, "मॅडम, ते भिंतीवरचे डाग आहेत." मी कॅमेरा फिरवून दुसऱ्या भिंतीचा फोटो काढला. डागही आमच्याबरोबर त्या भिंतीवर आले. शेवटी तिसऱ्या ठिकाणी स्वच्छ कॅमेरा मिळाला. कुठला, ते मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की लोक किंमत शोधायला जातात आणि अजिंठा राहून जातो.

तर आम्ही मंगळवार धरून निघालो होतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे ज्याला पाठ नाही त्याच्या वाट्याला एकदा तरी कुलूप येतं. जळगावहून साठेक किलोमीटर. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर महामंडळाच्या बसने. त्या बसमध्ये मी पहिल्यांदा नीट सेटिंग लावली: फ्लॅश बंद, आवाज बंद, रॉ (कॅमेऱ्याने काहीही न पुसलेली फाइल) चालू. सगळं झालं असं मला वाटलं.

दोन मिनिटांनी डोळे सरावले. आधी खांब उगवले, मग छतावरची नक्षी, मग डाव्या हाताला हळूहळू तो निळं कमळ धरलेला पद्मपाणी. कुणीतरी आतून दिवा मोठा करत न्यावा तसा. मी कॅमेरा उचलला, बटण अर्धं दाबलं आणि भिंतीवर नारिंगी उजेडाचा ठिपका पडला.

"ओ मॅडम! लाइट बंद करा!" रखवालदार दोन ढांगांत माझ्यापाशी.

फ्लॅश बंद केला होता, पण अंधारात फोकस साधायला कॅमेरा स्वतःचा एक छोटा दिवा लावतो, तो मेनूत वेगळ्या ठिकाणी असतो. मला लाजून मेल्यासारखं झालं. मामा शांतपणे रखवालदाराला म्हणाले, "नवीन आहे ती." चाळिशी ओलांडल्यावर नवीन म्हणवून घेणंही बरं वाटतं म्हणा. कोपऱ्यात जाऊन तो दिवा शोधून बंद केला.

मग कामाला लागले. एफ १.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, शटर एक पंधरांश सेकंद उघडं. तिवई परवानगीशिवाय नेता येत नाही आणि खांबांना टेकायचं नाही, कारण रंग खांबांवरही आहेत. म्हणून कोपरं बरगड्यांना चिकटवायची, गळ्यातला पट्टा पुढे ताणून धरायचा, श्वास सोडायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का निवून जातो. एका दृश्याचे तीन फोटो. एक तरी स्थिर येतो. शटरचा आवाज इतका बारीक की शेजारच्या शाळेच्या सहलीला पत्ताही लागला नाही. छोट्या सेन्सरचा एक फायदाही इथे कळला. मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र एवढं उघडलं की एक खांब स्पष्ट आणि मागचा पुसट येतो. इथे पुढच्या खांबापासून मागच्या भिंतीपर्यंत बहुतेक सगळं रेखीव.

फोटो पडद्यावर पाहिला तर पुन्हा उजळच! मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काळ्या पाटीचा फोटो काढलास तर यंत्राला ती राखाडी वाटते. त्याला काय माहीत समोर पाटी आहे का आभाळ? खाली आण." एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, एक पायरी उणे केलं. मग अजून थोडं. आणि मग ती भिंत आली, जशी समोर होती तशी: मधोमध तांबूस उजेडातला चेहरा, झुकलेल्या पापण्या, आणि कडांना विझत गेलेले रंग.

मामांनी मग एक कोडं घातलं. याच लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच. ज्या हरणाकडे बघाल, डोकं त्याचंच वाटतं. झूम ७०वर नेला, छिद्र २.८वर आलं, शटर अजून मंदावलं. सात फोटो हलले, आठवा बसला. "छत्तीसातले आठ गेले," मामा.

अजिंठ्याला उजळवायची हौस जुनीच आहे. मद्रासच्या सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमावरून इथली चित्रं नकलायला आला आणि वर्षानुवर्षं इथेच रमला. त्याने केलेल्या बहुतेक नकला १८६६च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि १८७२पासून तेरा वर्षं नकला करत राहिले. त्यातल्याही पुष्कळ लंडनलाच जळाल्या. या सगळ्या उद्योगात चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढलं. पुढे निजाम सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणले, त्यांनी सुटणारे रंग पक्के केले, पण वर लाखेचा थर दिला. तोही काळानुसार पिवळा पडला. आज आपण जो पिवळट अजिंठा बघतो, त्यात त्या उजळपणाचाही वाटा आहे. मोबाइलने माझ्या पद्मपाणीला जे केलं होतं ते काही वेगळं नव्हतं, एवढंच की त्याचं व्हार्निश भिंतीला लागलं नाही.

गिलने पुढे कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला. त्या काळी फोटो म्हणजे काचेच्या पट्ट्या, रसायनं, तंबू, हमाल असं सगळं लटांबर. १८७९ साली तो वारला, आणि त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. मामांनी ती लहानपणी पाहिली होती. "काका दाखवायला घेऊन गेला होता. मला वाटलं एखादा फोटो तरी लावला असेल कबरीवर."

सोळा आणि सतरा नंबरच्या लेण्यांत मी फार कॅमेरा काढला नाही. सतराव्यात बघण्यासारखं इतकं आहे की फोटो काढणं म्हणजे वेळ घालवणं. सव्विसाव्यात मात्र हट्टाला पेटले. डाव्या बाजूच्या अरुंद वाटेत, खांबांच्या ओळीमागे, सुमारे सात मीटर लांब महापरिनिर्वाणातले बुद्ध पहुडलेले आहेत. मागे सरकायला जागा नाही, २४ मिलिमीटरलाही ते मावत नाहीत. सरळ समोरून काढायचा नाद सोडला आणि पायांकडे जाऊन तिरका फोटो घेतला. पावलं मोठी, चेहरा दूर, खाली शोक करणाऱ्या शिष्यांची ओळ. दिवसभरातला हा माझा सगळ्यात आवडता फोटो, आणि त्याच वेळी बॅटरीने मान टाकली. दुसरी बॅटरी कुठे होती? मामांच्या घरी, चार्जरला लावलेली. एवढ्याशा कॅमेऱ्यात बॅटरीही एवढीशीच, म्हणून जादा बॅटरी हवीच हे चार महिने वाचलं होतं, आणि निघताना भाकरी, ठेचा, पाणी सगळं आठवणीने घेतलं होतं.

समोरच्या टेकडीवरून लेण्यांची घोड्याच्या नालेसारखी वळलेली रांग दिसते, तिथून १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला ही लेणी दिसली म्हणतात. ते दृश्य मामांच्या मोबाइलवर काढलं. चांगलं आलं. उन्हातल्या फोटोला मोबाइल काही वाईट नाही.

रात्री संभाजीनगरात पॉवर बँकेवरून बॅटरी भरली आणि बुधवारी वेरूळ. तिथलं थोडक्यात सांगते. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतर जा. कैलास वरून खाली कोरत आणलेला, जवळपास तीस मीटर उंच. अंगणात उभं राहून तो चौकटीत मावत नाही, बाजूच्या डोंगरावर चढलं की मावतो. आभाळ पांढरंफटक पडू नये म्हणून एक्स्पोजर आभाळावर धरलं आणि दगडाचा काळोख नंतर रॉमधून थोडासाच उपसला. दक्षिणेकडच्या बाजूला खाली रावण कैलास हलवतोय. त्याला काळोखातच ठेवलं.

जळगावला परतल्यावर मामांनी सगळे फोटो बघितले, एकेक, सावकाश. सव्विसाव्या लेण्यातल्या फोटोवर थांबले. "याचा प्रिंट काढ. आठ बाय बारा." ते माप त्यांनी उगीच सांगितलं नव्हतं. या कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन, म्हणजे आठ बाय बारात काही कापावं लागत नाही. मोबाइलचा चारास तीन असतो तो कापावा लागतो.

मामा स्वतः दुकानात गेले. संध्याकाळी प्रिंट आला तो लख्ख! बुद्धांमागची भिंत दुपारच्या उन्हात असल्यासारखी. मशीनवरच्या मुलाने आपणहून 'करेक्शन' मारलं होतं. वर म्हणाला, "काका, फार डार्क होता, मी ठीक करून दिला." मामांनी प्रिंट परत दिला आणि दुसरा काढून होईपर्यंत मशीनशेजारी उभे राहिले.

तो दुसरा प्रिंट मामींनी फ्रेम करून देव्हाऱ्यावरच्या भिंतीला लावला. आठवडाभराने फोनवर म्हणाल्या, "अगं, काही दिसतच नाही गं त्यात. खिळा काढून खिडकीशेजारी ठोकलाय यांनी. आणि आता बल्ब लावू देत नाहीत."