मामांची मांडवी आणि ऱ्हाईनचं वळण

ऱ्हाईनकाठच्या बाखाराख गावाचा धक्का आला आणि आमची बोट सरळ पुढे निघून गेली. उतरणारी माणसं बॅगा उचलून दारात उभी होती, त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. मीच घाबरलो. मामा मात्र कठड्याला रेलून शांतपणे म्हणाले, "आता फिरवणार बघ." खरोखरच नदीच्या मधोमध बोटीने नाळ वळवली, क्षणभर पात्रात पार आडवी झाली, तशीच थोडी वाहवली आणि मग उगमाकडे तोंड करून हळूहळू धक्क्याला येऊन टेकली.

"ब्रेक नसतो रे तिला," मामा म्हणाले. "पाण्याबरोबर जाताना धक्क्याला लावायला गेलास तर पाणी मागून ढकलतंय. तोंड फिरवलं की तेच पाणी तुझा ब्रेक."

मामांनी अठ्ठावीस वर्षं मांडवीत लोहखनिजाच्या बार्ज चालवल्या. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, त्याबरोबर मामांचं सुकाणूही सुटलं. फ्रँकफर्टला माझ्याकडे आल्यावर त्यांना म्युझियम दाखवली, बाजार दाखवले, ते "छान छान" म्हणत राहिले आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "इथे नदी नाही का?" म्हणून सप्टेंबरातल्या एका शनिवारी आगगाडीने बिंगेन गाठलं. बिंगेन ते सांक्ट गोआर बोटीने खाली, जेवण, आणि बोटीनेच परत.

किल्ल्यांबद्दल मी लिहिणार नाही. दर वळणावर एक आहे आणि सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. मामांनी एकाही किल्ल्याकडे धड पाहिलं नाही. त्यांना काठावरच्या पांढऱ्या पाट्यांवरचे काळे आकडे आवडले. हे नदीचे किलोमीटर, कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले. मामांनी मला मोबाइलमध्ये घड्याळ लावायला सांगितलं. खाली जाताना एक किलोमीटर २ मिनिटं ४० सेकंदांत गेला. परतताना त्याच दोन पाट्यांमध्ये ५ मिनिटं १० सेकंद लागली. म्हणजे जाताना ताशी साधारण २२ आणि येताना १२. "मधले १७ इंजिनाचे," मामांनी हिशेब केला, "आणि वरखाली पाच पाण्याचे." इंजिन दोन्ही वेळा सारखंच चालवलं होतं कशावरून, असं मी विचारलं, तर त्यांनी उत्तर दिलं नाही. आवाज ऐकून त्यांना ते कळतं.

बिंगेनजवळच्या खडकाळ अरुंद भागाला बिंगेनचं भोक म्हणतात. एकोणिसाव्या शतकात सुरुंग लावून तिथली वाट रुंद केली, तरी पाणी अजून तिथे खळखळतं. तिथून पुढे डोंगर दोन्ही बाजूंनी पात्राला दाबत जातात. आपण म्हणतो, प्रवाहाबरोबर जाणं सोपं, प्रवाहाविरुद्ध जायला हिंमत लागते. सुकाणूवरच्या माणसाला विचारा, तो उलट सांगेल. सुकाणूला धरायला पाणी लागतं, म्हणजे पाणी त्याच्या पात्यावरून मागे जायला हवं. बोट पाण्याच्याच वेगाने वाहत असली तर सुकाणू कितीही फिरवा, बोट ऐकत नाही. म्हणून खाली जाणाऱ्याला पाण्यापेक्षा जास्त पळावंच लागतं, नेमकं तिथे जिथे वळण अवघड आणि वेळ कमी. वर येणारा मात्र सावकाश सरकतो, हवं तर जागच्या जागी थांबू शकतो, आणि त्याचं सुकाणू तेव्हाही घट्ट असतं.

इथले नियमही याच धोरणाचे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि वेगवान, आतल्या अंगाला उथळ आणि मंद. वर येणारं जहाज इंधन वाचवायला आतली बाजू धरू पाहतं, मग ती कधी डावी तर कधी उजवी. म्हणून बाजू ठरवायचा मान त्याचा. 'तू मला उजवीकडून ओलांड' असं सांगायचं असेल तर ते निळा फलक उभा करतं, त्यावर पांढरा दिवा लुकलुकतो. खालच्या दिशेने येणाऱ्याने तसाच फलक दाखवून मान डोलवायची. मामांना हे इतकं आवडलं की दिसेल त्या जहाजाचा फलक ते मला दाखवत होते.

काउबला नदीत बेटावर एक पांढरा किल्ला आहे, पण गावाचं खरं महत्त्व तिथल्या पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीत. ऱ्हाईनच्या या टप्प्यात सगळ्यात कमी पाणी इथे असतं, त्यामुळे काउबचा आकडा बघून वरच्या अंगाला जाणारी जहाजं किती माल भरायचा ते ठरवतात. तो आकडा म्हणजे खोली नव्हे. त्यात साधारण १.१ मीटर मिळवले की जहाजांच्या वाटेतली खोली मिळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो २५ सेंटीमीटरवर आला होता. पुरतं भरलेलं मोठं मालवाहू जहाज तीन मीटरच्या आसपास बुडतं. तेव्हा ती जहाजं थोडाथोडा माल घेऊन ये-जा करत होती आणि लुडविगशाफेनला बीएएसएफसारख्या रसायन कंपनीला उत्पादन कमी करावं लागलं होतं.

उथळ पाण्याची आणखी एक खोड आहे, जी मला मामांकडून कळली. जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याला मागे जायला जागा लागते. तळाखाली वीतभरच फट असेल तर पाणी तिथून धावत सुटतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज खाली बसतं. वेग दुप्पट केला तर हे बसणं साधारण चौपट. इथे काठावरून दिसणारा वेग धरायचा नाही, पाण्यातला धरायचा. त्यामुळे गोगलगायीसारखं वर येणारं जहाजही तळाखाली भरपूर पाणी पळवत असतं, आणि घाई केली तर इंधन जळतं, मागे लाटा मोठ्या होतात, पुढे सरकणं तेवढंच. "कुंभारजुव्याच्या खाडीत मला हे आधी पायांना कळायचं," मामा म्हणाले. "बार्ज जड व्हायची. आवाज बदलायचा. मग इंजिन कमी करायचं, वाढवायचं नाही. नवीन पोरं नेमकी वाढवायची." पावसाळ्यात आग्वादला मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध धोक्याचा होतो, म्हणून बार्जेस त्या खाडीतून जुवारी नदीत, मुरगाव बंदराकडे जायच्या. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, पाणी पुरायचं नाही, मग भरतीची वाट बघत पत्ते.

"पण तुमचं पाणी सहा तासांनी फिरतं तरी," मी म्हटलं.

"तेच तर. हे बिचारं आयुष्यभर एकाच बाजूला."

ओबरवेझेलनंतर लोरेलायचा कडा येतो, पाण्यापासून १३२ मीटर उंच. वर बसून केस विंचरणाऱ्या सुंदरीला पाहून नावाडी भान हरपायचे, अशी दंतकथा. मामांनी वळण नीट पाहून घेतलं आणि निकाल दिला: "बाईचा काही दोष नाही." पुढचं दिसत नाही, म्हणून इथे काठावर दिव्यांच्या रेघांचे संकेत लावलेत, वरून काय येतंय ते खालून येणाऱ्यांना त्यावरून कळतं. पूर्वी हेच काम माणसं झेंडे घेऊन करत. तरी १३ जानेवारी २०११ ला २,४०० टन गंधकाम्ल घेऊन खाली जाणारं 'वाल्डहोफ' जहाज इथेच उलटलं, दोघे गेले. नदी चढलेली होती आणि टाक्या अर्धवट भरलेल्या, आतलं द्रव हेलकावणारं. मी हे सांगितल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. मग इतकंच म्हणाले, "पाणी खंय जाता ता आधी बघ. बाहेरचाय, भितरचाय."

सांक्ट गोआरला मासे खाल्ले, महाग आणि बेचव. जवळपास कुठे पूल नाही, त्यामुळे गाड्या तरीतून, म्हणजे फेरीबोटीतून, पलीकडे जातात. तरीचं तोंड नेहमी थोडं वरच्या दिशेला. खेकड्यासारखी तिरपी जाऊन ती बरोबर समोर लागते. मामांनी तिच्या चार फेऱ्या पाहिल्या. कॉफी गार झाली.

परतीच्या वाटेवर आसमान्सहाउझेनच्या अलीकडे पुढे एक लांबलचक जहाज दिसलं, कोळशाने भरलेलं, मागच्या छपरावर लाल मोटार. दुपारी लोरेलायपाशी आम्हाला समोरून भेटलेलं तेच. आम्ही जेवून, कॉफी पिऊन आलो तोवर ते वीस-एक किलोमीटर चढलं होतं. मामांनी टोपी काढून हात हलवला. सुकाणूवरच्या माणसाने आधी आमच्या बोटीकडे, मग पाण्याकडे पाहिलं आणि खिडकीतून एक बोट वर केलं.