हिरवं की पिवळं

दुपारी लाइन गेली आणि माझी पंचाईत झाली. टेबलावर गिटारचा आवाज बदलणारी दोन डबडी, म्हणजे पेडलं, एक हिरवं, एक पिवळं, लाल दिवे लावून तयार. आणि ज्यातून आवाज निघायचा तो अ‍ॅम्प्लिफायर मुका. पेडल ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतं, त्याला लाइनीशी घेणंदेणं नाही. ही बॅटरी आमच्या गावात किराणा दुकानात मिळत नाही. मंडप-डेकोरेशनवाल्याकडे मिळते, त्याच्या कॉर्डलेस माइकसाठी ठेवलेली.

भाचा नागपूरहून दोन्ही घेऊन आला होता. "मामा, वाजवून पाहा. एक ठेवून घ्या, एक मले वापस द्या." तेव्हापासून मी वाजवून पाहतोच आहे.

हिरवं म्हणजे इबानेझचं ट्यूब स्क्रीमर, टीएस९. पिवळं बॉसचं, एसडी-१. पिवळं १९८१ सालचं, हिरवं १९८२ चं. म्हणजे माझ्यासमोरची नवीच आहेत, पण आतला नकाशा तोच. दोन्हीला तीन-तीन बटनं. दोन्हींचं काम एकच, गिटारचा स्वच्छ आवाज थोडा फाडून देणं. गिटारवाल्यांना यापुढे काही सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. बायकोने स्वयंपाकघरातून दोन्ही ऐकून घेतले आणि म्हणाली, "भोंगा फाटल्यावानीच त येते ना दोन्हीतून आवाज! पैसे कायले देता दोनदा?"

भोंग्याचं मात्र तिने अगदी बरोबर पकडलं.

आता आमच्याकडे वरातीला धुमाल येतो, नाहीतर डीजे. माझ्या लहानपणी बँजो यायचा. हातगाडीवर जनरेटर, त्यावर अ‍ॅम्प्लिफायर, बांबूला बांधलेले दोन भोंगे, आणि त्यामागे गळ्यात बँजो अडकवलेला माणूस. एका हाताने बटनं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शेवटपर्यंत फिरवलेला असे, कारण गावाच्या दुसऱ्या टोकाला कळायला हवं की नवरदेव निघाला. भोंग्यातून जाड सूर जात नसे, फार बारीकही जात नसे. मधला तेवढा घासत, कडा फाटलेला, थेट छातीवर यायचा. आमच्या वाड्यासमोर वरात थांबली की मी भोंग्याच्या अगदी तोंडाशी जाऊन उभा राहायचो. आजी ओरडायची, "कान फुटन रे पोरा!" पण हलावंसं वाटत नसे. बँजोवाल्याचे ओठ पानाने रंगलेले असत आणि तो कधीच कोणाकडे पाहत नसे. नवरीकडेसुद्धा नाही.

हिरवं डबडं नेमकं तेच करतं. आवाज फाडण्याआधी खालचे जाड सूर छाटतं, फाडून झाल्यावर वरचे बारीक. ७२० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग तेवढा उठून उभा राहतो. जगभर लोक ट्यूब स्क्रीमर म्हटलं की स्टीव्ही रे वॉन या गिटारवाल्याचं नाव घेतात, टेक्सासचा ब्लूज आठवतात. मला आठवते एप्रिलच्या रात्रीची, डांबरी सडकेवरची वरात.

आणि गंमत पाहा. आपला बँजो, म्हणजे बुलबुलतरंग, मूळचा जपानी. तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने तो काढला. इबानेझ ज्या कंपनीचा ब्रँड, ती होशिनो गाक्कीसुद्धा नागोयाचीच. हे पेडल त्यांच्यासाठी निशिन ओन्पा या दुसऱ्या जपानी कंपनीने बनवलं, सुसुमु तामुरा या इंजिनिअरने. म्हणजे नागोयाहून निघालेल्या दोन गोष्टी, वेगवेगळ्या वाटांनी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एकाच माणसाच्या कानात येऊन बसल्या. याचं पुढे काय करायचं ते मला सुचलेलं नाही.

बसस्टँडजवळच्या टेप-दुरुस्तीवाल्याकडे हिरवं उघडून घेतलं. त्याने चष्मा वर केला. "सर, हे त ४५५८ हाय. होम थेटरच्या बोर्डात हेच आयसी रायते. किती पायजे, देतो." ज्या आयसीबद्दल परदेशात लोक तावातावाने भांडतात, ती त्याच्या ड्रॉवरमध्ये स्क्रू आणि बेल्टांच्या मधे पडलेली होती. फरक म्हणाल तर डायोडचा. हिरव्यात आवाजाच्या लाटेची वरची बाजू कापायला एक, खालची कापायला एक. पिवळ्यात एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. म्हणून लाट वरखाली सारखी कापली जात नाही आणि आवाज जरासा खरबरीत होतो. एक डायोड! आणि ट्यूब स्क्रीमरच्या जुन्या ८०८ मॉडेलसाठी लोक जी अवाच्या सवा किंमत मोजतात, त्याच्यात आणि माझ्या टीएस९ मध्ये मुख्य फरक बाहेर पडताना लागणाऱ्या दोन रेझिस्टरांचा: तिथे १०० ओहम आणि १० किलोओहम, इथे ४७० ओहम आणि १०० किलोओहम.

त्यात माझी सवय अशी की ड्राइव्हचं, म्हणजे आवाज फाडायचं, बटन जवळजवळ बंद आणि लेव्हलचं, म्हणजे आवाज मोठा करायचं, पूर्ण उघडं. म्हणजे पेडलला स्वतःचं जे काही बोलायचं असतं, त्याला मी तोंडच उघडू देत नाही. तरी बोटांना फरक कळतो, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. ऐकणाऱ्याला नाही कळणार. वाजवणाऱ्याला कळतो.

असंच हटून बसणं मी घरातच पाहिलं आहे. मिरगाच्या आधी बाबा तालुक्याच्या कृषी केंद्रात कपाशीचं बियाणं घ्यायला जायचे तेव्हा मला सोबत न्यायचे. काउंटरवर ४५० ग्रॅमची पाकिटं मांडलेली. एकावर वाघ, एकावर हिरा, एकावर फुटलेलं पांढरंशुभ्र बोंड. बाबा प्रत्येक पाकीट उचलून वजन केल्यासारखं हातात धरायचे, मागचं बारीक अक्षर वाचायचे, ठेवायचे, पुन्हा उचलायचे. दुकानदार म्हणायचा, "भाऊ, सगळ्याइत बीजी-२ च हाय." ते खरंच होतं. वाण वेगवेगळे, पण बोंडअळीला मारणारे जीन सगळ्यांत तेच दोन. बाबा मान हलवायचे आणि हिरा ठेवून वाघ उचलायचे. सोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी मिळायची, शेताच्या कडेने लावायला. आमच्या शिवारात ती लावलेली मी कधी पाहिली नाही.

घरी येईपर्यंत बाबा वाटेत भेटेल त्याला विचारत, "तू कोनतं घेतलं बे?" आणि समोरच्याने दुसरं नाव घेतलं की गप्प व्हायचे. मग संध्याकाळी आईला सांगायचे की वाघच बरा, त्याचं बोंड मोठं येते.

२०१७ साली गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून हिरवीगार बोंडं, फोडली की आत अळी आणि काळा पडलेला कापूस. वाघातही तीच, हिऱ्यातही तीच. त्या दोन जीनांना अळी जुमानेनाशी झाली होती, मग पाकिटावर चित्र कोणतं का असेना.

पुढच्या मिरगाआधी बाबा पुन्हा त्याच काउंटरवर उभे होते, पाकिटं उलटीपालटी करत. आमच्या वावरात दुसरं लावणार काय?